कुर्डुवाडीला गाडी बदलायची!

"कुर्डुवाडीला गाडी बदलायची, विसरू नका बरं!" पुण्या-मुंबईहून बार्शी, लातूर किंवा पंढरपूरला निघालेल्या पाहुण्यांना घरची माणसं निरोप देताना हे वाक्य हमखास ऐकवायची. पाहुणा दहावेळा येऊन गेलेला असला तरी सांगायचीच. जवळजवळ शंभर वर्षं हे वाक्य आमच्या भागात चाललं. आता ते कुणी म्हणत नाही, कारण आता गाडी बदलावी लागत नाही. पण ज्या स्टेशनावर उतरल्याशिवाय सोलापूर जिल्ह्याच्या अर्ध्या भागातली मुलगी माहेरी जाऊ शकत नव्हती, त्या स्टेशनाबद्दल एकदा सविस्तर लिहावं असं पुष्कळ दिवस मनात होतं. माझं माहेर बार्शीचं आणि सासर इथलं, कुर्डुवाडीचं. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते!

कुर्डुवाडी हे माढा तालुक्यातलं वीसेक हजारांवर वस्तीचं गाव. पुण्याहून साधारण एकशे पंच्याऐंशी किलोमीटर, सोलापूरहून ऐंशी. गावात पाहण्यासारखं काय आहे म्हणाल, तर खरं सांगते, किल्ला नाही, लेणी नाहीत, नदीचा घाट नाही. गाव आहे ते स्टेशनामुळेच. कुर्डू नावाचं जुनं गाव जवळच आहे, त्याची ही वाडी. गाडी आली नसती तर वाडी वाडीच राहिली असती. तिकिटावर छापतात ती स्टेशनाची खूण के.डब्ल्यू.व्ही. माझ्या वर्गातल्या मुलांना इंग्रजी मुळाक्षरं शिकवताना ही तीन अक्षरं मला कधी शिकवावी लागली नाहीत. ती त्यांना आधीच येतात.

पहिली गाडी इथे आली ती १८५९ साली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा रूळ मुंबईहून बोरघाटाकडे आणि पुण्याहून पुढे सोलापूरकडे असा दोन्हीकडून टाकला जात होता. पुण्याहून दिक्सळपर्यंत १८५८ च्या डिसेंबरात गाडी आली, पुढच्या वर्षी ऑक्टोबरात इथवर, आणि १८६० च्या जूनमध्ये सोलापूरला पोचली. गंमत अशी, की त्या वेळी या स्टेशनाचं नाव कुर्डुवाडी नव्हतंच. नाव होतं 'बार्शी रोड'. म्हणजे बार्शीला जायचं असेल तर इथे उतरा, इतकाच त्याचा अर्थ. स्वतःचं नाव नाही, दुसऱ्याच्या नावाने ओळख. आपल्याकडे 'अमक्याची सून' म्हणतात ना, त्यातलाच प्रकार!

बार्शी ही त्या काळची मोठी पेठ. कापूस, धान्य, गळिताचा माल या सगळ्याचा व्यापार तिथे चालायचा. 'बार्शी तिथं सरशी' ही म्हण उगीच नाही पडली. पण मोठ्या गाडीचा रूळ बार्शीला न शिवताच सोलापूरकडे गेला. मग बार्शीचा माल बैलगाड्यांत भरून या स्टेशनापर्यंत आणायचा. पस्तीसेक किलोमीटरची वाट. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतली की बैलांचे हाल आणि गाडीवानाचेही.

यावर उपाय काढला तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने. १८८२ साली तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. बार्शीच्या बैलगाड्यांची रांग पाहून त्याच्या डोक्यात आलं, की इथे मोठ्या गाडीचा खर्च परवडणार नाही, पण लहान, हलकी, स्वस्त गाडी चालेल. बरीच वर्षं खटपट केली, कंपनी काढली, आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी ही छोटी गाडी सुरू झाली. तीच ती 'बार्शी लाईट'. आमच्याकडची जुनी माणसं अजून 'लाईट' एवढंच म्हणतात.

या गाडीचा रूळ अडीच फुटांचा. म्हणजे दोन रुळांमधलं अंतर आपल्या न्हाणीघराच्या दाराएवढं! मोठ्या गाडीचं अंतर साडेपाच फूट, म्हणजे एखादा पुरुष आडवा झोपला तर डोकं एका रुळावर आणि पाय दुसऱ्यावर. इतक्या अरुंद रुळावर पुरेसा माल कसा वाहायचा, हे कॅलथ्रॉपचं खरं डोकं. कुठल्याही चाकांच्या जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही असा त्याने नियमच केला, आणि डबे लांब करून तो भार पुष्कळ चाकांवर वाटून दिला. आपण नाही का, भरलेली कळशी एकीने उचलण्याऐवजी दोन लहान हंडे दोघींनी घेतो, तसंच हे. त्यामुळे हलक्या रुळावरूनही भरपूर माल जाऊ लागला. पुढे इतर ठिकाणी छोट्या गाड्या बांधणाऱ्यांनी बार्शी लाईटकडे पाहून धडे घेतले. याच कॅलथ्रॉपने म्हातारपणाकडे झुकताना विमानातून उडी टाकण्याची छत्री तयार केली होती, 'गार्डियन एंजल' नावाची. आमच्या माळरानावर अडीच फुटी रूळ टाकणारा माणूस आकाशातून पडणाऱ्यांचीही काळजी करत होता, हे वाचलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं.

छोटी गाडी मग वाढत गेली. १९०६ साली ती दुसऱ्या अंगाने पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला, आणि १९२७ साली पंढरपूरहून पुढे मिरजेला. लातूर ते मिरज मिळून सव्वातीनशे किलोमीटरचा पसारा झाला आणि त्याचं पोट म्हणजे कुर्डुवाडी. मोठी गाडी पूर्व-पश्चिम आणि छोटी गाडी त्याला आडवी. कंपनी खाजगी होती, तिचा कारभार लंडनहून चाले. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. छोट्या गाडीची इंजिनं आणि डबे दुरुस्त करायचा कारखाना इथेच निघाला. त्याच्या भोंग्यावर आमच्या गावातल्या चुली पेटत. माझे सासरे त्याच कारखान्यात होते. सासूबाई सांगतात, लग्न होऊन आल्यावर पहिले सहा महिने त्यांना घड्याळ बघायची वेळच आली नाही. पहिल्या भोंग्याला भाकऱ्या थापायला बसायचं, दुसऱ्याला डबा हातात.

आता मुख्य गोष्ट. दोन गाड्यांचे रूळ वेगळे, म्हणून इथे आलेली प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक माणूस उतरवावाच लागे. लातूरहून आलेली तुरीची पोती छोट्या वाघिणीतून खाली, पाठीवर, आणि मोठ्या वाघिणीत वर. मुंबईहून आलेलं कापड, साखर, रॉकेल उलट दिशेने तसंच. हे सगळं माणसांच्या पाठीवरून. शेकडो हमालांची घरं या एका पायरीवर जगली. आमच्या गल्लीच्या टोकाला ज्या आजी राहतात, त्यांचे मालक पोती वाहायचे. आजी म्हणतात, "गाडी लहान-मोठी केली साहेबानं, पण चूल पेटली ती आमची." यात साहेबाचा हेतू काही त्यांची चूल पेटवण्याचा नव्हता. पण झालं तसं खरं.

आणि माल उतरे तशी माणसंही उतरत. पुण्याहून येणारी गाडी वेळेवर आली तर ठीक, छोटी गाडी मिळायची. ती उशिरा आली तर मात्र छोटी गाडी निघून गेलेली असायची. मग पुढची गाडी येईपर्यंत इथेच. दोन तास, चार तास, कधी अख्खी रात्र. पुरुष मंडळी बाकावर पाय पसरून मोकळी, किंवा गावात चहा प्यायला. बायकांनी काय करायचं? ट्रंक, वळकटी, कडेवर मूल, दुसरं पदराला धरून. त्यांना होती ती बायकांची प्रतीक्षा करायची खोली. या खोलीबद्दल मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण रेल्वेच्या इतिहासात इंजिनांची नावं येतात, पुलांची लांबी येते, पण या खोलीबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या मी पाहिल्या नाहीत.

माझी आई मूळची पुण्याची, दिलेली बार्शीत. १९८२ च्या पावसाळ्यात माझा मोठा भाऊ वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा ती माहेरहून एकटी परत येत होती. वडिलांना रजा नव्हती आणि आजोबांनी गाडीत बसवून दिलं होतं. गाडी वाटेत अडकून पडली ती चार तास उशिराने कुर्डुवाडीला आली, तेव्हा बार्शीची शेवटची छोटी गाडी केव्हाच गेली होती. बाहेर धो धो पाऊस. घरी कळवायची सोय नाही. आई सांगते, "खाली पाय ठेवला आणि रडूच फुटलं." पण त्या खोलीत गेली तर आत आणखी सहा-सात बायका. एक लातूरकडची शिक्षिका, दोन पंढरपूरला निघालेल्या माळकरी म्हाताऱ्या, एक नव्या नवरीसारखी पोर तिच्या आत्याबरोबर. म्हाताऱ्यांनी भावाला मांडीवर घेतलं. शिक्षिकेने तिच्याकडची शेंगाचटणी आणि कडक भाकरी काढली. आईकडे पुण्याहून आणलेले रव्याचे लाडू होते. दूध संपलं होतं, तर प्लॅटफॉर्मवरच्या पोर्टरने आपल्या घरून पेलाभर आणून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. सगळ्याजणींनी ट्रंका दाराशी लावल्या आणि आत रात्र काढली. आई म्हणते, लग्नानंतर ती पहिलीच रात्र अशी होती की तिला कुणी काही विचारलं नाही आणि कुणासाठी उठावं लागलं नाही. त्या शिक्षिकेकडून स्वतः नोकरी करून शिकल्याची गोष्ट तिने ऐकली ती त्या रात्रीच. माझं बी.ए. होईपर्यंत आईने माझ्या लग्नाचा विषय घरात कुणाला काढू दिला नाही, आणि त्याचं कारण विचारलं की ती कुर्डुवाडीच्या त्या रात्रीवर येते.

हेच सासूबाईंच्या बाजूने ऐकलं की वेगळं दिसतं. त्यांचं बिऱ्हाड स्टेशनाजवळ. गाडी चुकलेल्या बायका, विशेषतः पावसाळ्यात, पाणी मागायला, मुलाला शेक द्यायला, लुगडं वाळवायला यायच्या. "किती जणींना चहा दिला, मोजलं नाही. नावं नाही विचारली. सकाळी गाडी आली की जायच्या." कोण जाणे, त्या १९८२ च्या पावसात पेलाभर दूध कुणाच्या घरून गेलं असेल! दोघी विहिणी एकत्र बसल्या की यावर वाद घालतात. एक म्हणते आमचंच असणार, दुसरी म्हणते पोर्टर वेगळा होता.

आषाढीला तर इथे पाय ठेवायला जागा नसे. चारी वाऱ्यांना गर्दी व्हायची, पण आषाढी ती आषाढी. मोठ्या गाडीतून उतरलेला लोंढा छोट्या गाडीत मावणार कसा? डबे भरले की लोक टपावर बसत, दारांना लोंबकळत. इंजिन कण्हत कण्हत मोडनिंबच्या बाजूला निघे आणि वरून टाळांचा आवाज. पंढरपूर इथून बावन्न किलोमीटर, पण लागायचे अडीच-तीन तास. कुणाला घाई नसे. मला हे सासऱ्यांकडून ऐकून माहीत. त्या आठवड्यात कारखान्यातल्या माणसांना रजा नाही, आणि घरोघरी पिठाचे डबे रिकामे, कारण प्रत्येकाकडे कुणी ना कुणी वारकरी उतरलेला. एकादशी पंढरपूरला आणि द्वादशी बार्शीच्या भगवंताला, असा नेम असलेले लोक परत इथूनच बार्शीची गाडी धरत. म्हणजे आमच्या गावाला जाताना एकदा आणि येताना एकदा, दोनदा पुण्य!

मी स्वतः छोट्या गाडीत बसले आहे ती माझ्या लहानपणी. बार्शीहून कुर्डुवाडी आणि परत. लाकडी बाकं, समोरासमोर बसलं की गुडघे गुडघ्यांना लागायचे. खिडकीतून हात बाहेर काढला तर शेतातलं कणीस हाताला लागेल असं वाटायचं. शेंद्रीला गाडी थांबली की पेरू, बोरं, उसाचे करवे घेऊन पोरं धावत यायची. चढावर ती इतकी हळू व्हायची की आम्ही भावंडं 'आता उतरून ढकलूया का' म्हणून चिडवायचो. लातूरकडे येडशीच्या अलीकडे रामलिंगचा घाट आहे. त्या घाटातून ही गाडी जाताना पाहणं ही त्या भागातल्या लोकांची मोठी आठवण. धाराशिव शहराला मात्र छोटी गाडी शिवतच नसे. येडशीला उतरून वीसेक किलोमीटर दुसऱ्या वाहनाने जावं लागे. म्हणजे छोटी गाडी गोड होती, पण सोयीची होती असं मी म्हणणार नाही. हल्ली तिचे फोटो पाहून लोक हळहळतात. त्यातल्या किती जणांनी बाळंतीण लेकीला घेऊन त्या लाकडी बाकांवर सहा तास काढले असतील, हा प्रश्नच आहे.

मग या शतकाच्या सुरुवातीला रूळ रुंद व्हायला लागले. आधी पंढरपूरची बाजू झाली. लातूर ते धाराशिव २००७ साली, धाराशिव ते कुर्डुवाडी २००८ साली. नवा मार्ग धाराशिव शहरातून वळवून नेला, त्यामुळे एका जिल्ह्याच्या गावाला पहिल्यांदाच गाडी मिळाली. पंढरपूर-मिरज पट्टा सगळ्यांत शेवटी, २०११ पर्यंत. गाड्या सरळ मुंबईहून लातूरला जाऊ लागल्या, काही पंढरपूरला. प्रवासी झोपेतच कुर्डुवाडी ओलांडून जातात. अडीच फुटांचे रूळ उखडले गेले. हमालांचं काम एकदम गेलं असं नाही, मालमोटारींनी ते आधीच निम्मं खाल्लं होतं. पण उरलंसुरलंही संपलं. गल्लीच्या टोकाच्या आजींची मुलं आता पुण्याला आहेत. स्टेशनासमोर खानावळी होत्या, त्यांतल्या बऱ्याच मिटल्या. दोन तास थांबणारा माणूस जेवतो, दोन मिनिटं थांबणारा चहासुद्धा घेत नाही.

यावर गावात पुष्कळजण सुस्कारे टाकतात. मलाही वाईट वाटायचं. पण २०१६ च्या उन्हाळ्यात एक गोष्ट अशी पाहिली की सुस्कारा आवरला. लातूरला त्या वर्षी पाण्याचा एवढा दुष्काळ पडला की शहराला नळाचं पाणी महिन्याकाठीसुद्धा धड मिळेना. रांगेत भांडणं होऊ नयेत म्हणून पाण्याच्या ठिकाणांजवळ जमावबंदी लावायची वेळ आली. तेव्हा सरकारने मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवलं. राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यातून वाघिणी वाफेने धुऊन आणल्या, मिरजेला त्या भरल्या, आणि ११ एप्रिलला पहिली गाडी निघाली. दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर. म्हणजे कॅलथ्रॉपच्या छोट्या गाडीची जवळपास तीच वाट, फक्त रूळ रुंद. १२ तारखेला पहाटे ती लातूरला पोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. 'जलदूत' म्हणत तिला.

मैत्रिणींनो, घरात पाणी नसणं म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. रात्री दोनला नळ येणार म्हणून कोण जागतं? हंडा कुणाच्या कमरेवर असतो? आमच्या स्टेशनातून त्या वाघिणी गेल्या तेव्हा प्लॅटफॉर्मवर बायका उभ्या होत्या. कुणीतरी हळदीकुंकू आणलं होतं. माझ्या मनात एकच आलं. रूळ अरुंद असते, तर मिरजेचं पाणी इतक्या लहान वाघिणींतून किती आलं असतं, आणि कधी? सासूबाई मात्र पदर डोळ्यांना लावून एवढंच म्हणाल्या, "पूर्वी बायका पाणी मागायला उतरायच्या. आता पाणीच निघालं त्यांच्या घरी."

आता थोडं आजच्या स्टेशनाबद्दल. जंक्शन ते अजून आहेच. पुणे-सोलापूर मुख्य मार्ग, पंढरपूर-मिरजेचा फाटा आणि लातूरचा फाटा इथे मिळतात. आषाढी-कार्तिकीला मिरज, लातूर, विदर्भ अशा सगळीकडून जादा गाड्या सोडतात आणि ते चार-सहा दिवस जुनी कुर्डुवाडी परत आल्यासारखी वाटते. कारखाना आहे. आणि स्टेशनाला नवं गिऱ्हाईक मिळालं आहे ते म्हणजे शिकणाऱ्या मुली.

सकाळच्या सोलापूरच्या गाडीला प्लॅटफॉर्मवर उभं राहून पाहावं. पाठीवर दप्तरं, हातात डबे, गळ्यात पास. पंचवीस-तीस पोरी तरी असतात. कुणी नर्सिंगला, कुणी डी.एड.ला, कुणी नुसती बी.कॉम.ला. आमच्या थोरल्या दिरांची मुलगी दोन वर्षांपूर्वी नर्सिंगला लागली तेव्हा घरात पंधरा दिवस रणकंदन चाललं होतं. दीर म्हणत, संध्याकाळची गाडी उशीर करते, अंधार होतो, पोरीची जात, नको. वसतिगृहाचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणजे 'रोजचं जाणं नको' याचा अर्थ 'शिक्षण नको' असाच होता. जाऊबाई नुसत्या रडत. मी दोन-चार गोष्टी सांगून पाहिल्या, पण धाकट्या जावेचं कोण ऐकतं? शेवटी एका रात्री सासूबाईंनी जेवता जेवता विषय काढला. "अरे, परक्या गावच्या बाया लेकरं घेऊन रात्र रात्र या ठेसनावर झोपल्या. आपण त्यांना बघितलं का नाही? मग आपली पोर चारचौघींबरोबर दिवसाची जाती, तिला बघायला कुणी नसंल व्हय?" दीर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पासाचे पैसे त्यांनी ओट्यावर ठेवले. पहिले दोन महिने मात्र रोज संध्याकाळी सायकल घेऊन स्टेशनावर हजर. आता जात नाहीत. पोर कधी गाडी उशिरा आली तर बायकांच्या खोलीत मैत्रिणींबरोबर अभ्यास करत बसते आणि फोन करून आईला सांगते, पोळ्या गरम ठेव.

स्टेशनावरची ही खोली, तिला आतून कडी, नळाला पाणी आणि रात्रभर दिवा, एवढ्या चार गोष्टींवर किती मुलींचं शिक्षण टांगलेलं असतं! नाव घेत नाही, पण एका मोठ्या शहराच्या स्टेशनावर मला आणि माझ्या मुलीला दीड तास थांबावं लागलं, तेव्हा बायकांच्या खोलीत सामानाची खोकी रचलेली आणि संडासाला बाहेरून कुलूप. किल्ली कुणाकडे, हे तिघांना विचारावं लागलं. संगमरवरी फरशी होती, सरकता जिना होता, पण किल्ली नव्हती.

जाता जाता काही उपयोगी गोष्टी सांगते, कारण आपण बायका नियम कमी वाचतो आणि मग कुणीही दरडावलं की घाबरतो. गाडीत किंवा स्टेशनावर काही त्रास झाला, सामान गेलं, कुणाची प्रकृती बिघडली, तर १३९ हा एकच नंबर आता सगळ्यासाठी आहे. आरक्षण करताना पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना आणि गरोदर बायकांना खालच्या बाकाचा वेगळा कोटा असतो. अर्जात वय नीट लिहावं, दोन वर्षं चोरू नयेत! आणि १९८९ च्या रेल्वे कायद्यात एक कलम आहे, योगायोगाने तेही १३९ वंच. तिकिटाचा काही घोटाळा झाला, तरी पुरुषाची सोबत नसलेल्या बाईला किंवा लहान मुलाला वाटेल त्या स्टेशनावर उतरवता येत नाही. जिथे ती बसली तिथे, किंवा जंक्शनवर, शेवटच्या स्टेशनावर, नाहीतर जिल्ह्याच्या गावी, आणि तेही फक्त दिवसा. आमच्या पुतणीने हे कलम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. पास विसरला असं आजवर एकदाही झालेलं नाही, पण डब्यातल्या दुसऱ्या मुलींना ती ते वाचून दाखवते.

तुम्ही कधी पंढरपूरला जाताना इथून जाल तर यात्रेचे दिवस टाळून या. थेट गाडी मिळाली नाही तर इथे उतरा आणि दुसरी धरा, पूर्वीसारखी. मध्ये तासभर मिळाला तर स्टेशनाबाहेर पडून कारखान्याच्या कडेने चक्कर मारा, आणि चहा गावात येऊन प्या. शेंगाचटणी घरी न्यायची असेल तर मात्र उतरल्या उतरल्या घ्या. गाडीच्या वेळेला तिथे फार गर्दी असते.